चारातले सव्वातीन

आप्पा एखाद्या दुकानात शिरले की दुकानदार आधी चहा सांगायचा आणि मग फळीखालून दुसरी वजनं काढायचा. आप्पा चहा घेत नसत. ते वजनमापे निरीक्षक होते. दुकानांतले काटे, गवळ्यांची मापं, पेट्रोल पंपांची यंत्रं आणि गाळपाच्या हंगामात शिरोळकडचे उसाचे वजनकाटे तपासणं हे त्यांचं काम. लोखंडी वजन ते हातात घेत, उलटं करत आणि बुडाच्या भोकात ओतलेलं शिसं अंगठ्यानं चाचपत. त्या शिशावर सरकारी शिक्का असतो. वजन मारायचं असेल तर तिथंच कोरतात. आमच्या घरातली दोन्ही मुलं म्हणजे ताई आणि मी, आणि आम्हाला दोघींनाही अक्षरओळखीच्या आधी हे शिसं ओळखता येत होतं. दुधाच्या मापाचा तळ आतून ठोकून वर उचललेला असेल तर माप भरल्यावर फेस कसा दिसतो, हेही आम्हाला ठाऊक होतं. या ज्ञानाचा पुढं मला बातमीदारीत उपयोग झाला असं म्हणता येईल, पण त्या वयात ते फक्त लाजिरवाणं वाटे. वडिलांबरोबर बाजारात जायला आम्ही दोघी टाळायचो.

राजारामपुरीत एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहत होतो. खाली शिकवणीचे वर्ग होते. दर तासाला पोरांच्या मोटारसायकली एकदम सुरू व्हायच्या आणि आमच्या स्वयंपाकघरातली भांडी मांडणीवर बारीक थरथरायची. आईच्या भाकरीचा आवाज आणि तो आवाज मिळून सकाळ होत असे. आई कमी शिकलेली, पण घरात शेवटचा शब्द बहुतेक वेळा तिचा. रविवारी मटण आणायला आप्पा जायचे आणि आई दर रविवारी तेच म्हणायची, "ह्यांना पाठवू नका गं. हे काट्याकडं बघत बसतात आणि जून मटण घेऊन येतात." ते खरं होतं. वजन ग्रॅमला बरोबर असायचं आणि मटण दुपारपर्यंत शिजायचं नाही. आप्पा वाटीतला रस्सा ओरपत शांतपणे म्हणायचे, "मऊ-जून हे माझ्या खात्यात येत न्हाय."

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचं नाव वैशाली, पण घरात आणि गल्लीत ती ताईच होती. पदवी झाल्यावर तिनं लग्नाचे अल्बम जुळवायचं काम सुरू केलं. फोटोग्राफर फोटो आणून द्यायचे, ती संगणकावर पानं मांडायची: हळद एका पानावर, अक्षता दुसऱ्यावर, नवरीची पाठवणी शेवटच्या पानावर मोठी करून. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात तिचं टेबल होतं. पानं मोठी असत आणि जुना संगणक लहान. एखादं पान उघडायला सांगितलं की ताई उठून चहा टाकायची, गाळायची, घेऊन यायची, तरी पान अर्धंच दिसायचं. कधी नवरी दिसायची आणि नवरा यायच्या आत सगळंच बंद पडायचं. मग ती मुख्य रस्त्यावरच्या धनंजयच्या दुकानात जायची.

धनंजयचं संगणक विक्री आणि दुरुस्तीचं दुकान होतं. वडील नव्हते, आई होती, दुकान त्यानंच उभं केलेलं. ताईच्या संगणकाला त्या वर्षी गरजेपेक्षा जास्त वेळा दुरुस्ती लागली, हे मला दिसत होतं. घरात दुसऱ्या कुणाला दिसत असेल तर बोललं नाही. गडमुडशिंगीची आमची आत्या, आप्पांची मोठी बहीण, हिनं एक दिवस येऊन हेच स्थळ सुचवलं. आपणच शोधून काढलं अशा थाटात. आत्याला तो मुलगा कुणी दाखवला, हे ताईनं मला अजूनही सांगितलेलं नाही. बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले, दोन्ही घरांनी होकार दिला. सुपारी फोडायचा दिवस ठरायचा बाकी होता.

त्याच आठवड्यात ताईचा नवा संगणक आला. तिनं ऑर्डर आधीच दिली होती आणि दुसऱ्या दुकानातून घ्यायचा प्रश्नच नव्हता. धनंजयच्या माणसानं तो आणून जोडला, बिल टेबलावर ठेवलं आणि तो गेला. ताईनं सगळ्यात मोठा अल्बम उघडला. पान चटकन समोर आलं. आई पदराला हात पुसत बघायला आली आणि म्हणाली, "नवरा आला की गं लगेच!"

संध्याकाळी आप्पा आले. हातपाय धुतले, चष्मा लावला, बिल उचललं. घरात येणारी वस्तू बिलाशी ताडून बघायची ही त्यांची पद्धत होती. मिक्सर आला तेव्हा त्यांनी त्याची वायर मोजली होती. "ह्यात लिहिलंय ते एकेक दाखव," ते ताईला म्हणाले. बिलावर पहिली ओळ मेमरीची होती: चार जीबी. ताईनं उत्साहानं पडद्यावरची माहितीची खिडकी उघडली. तिथं आकडा होता ३.२५.

आप्पांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "हे सव्वातीन हाय."

"हो," ताई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

"बिलात चार हाय."

"काहीतरी दाखवण्यात गडबड असेल, आप्पा."

"काटा दाखवतोय तेच वजन. चारात पाऊण कमी." ते उभेच होते. "पन्नास किलोत दोन-चार ग्रॅम इकडंतिकडं झालं तर कायदा सोडून देतोय. चारात पाऊण कोण सोडतंय?"

बिलावरच्या पुढच्या ओळी कुणी तपासल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी धनंजयला बोलावणं गेलं. तो त्याच्या आईनं दिलेले पेढे घेऊन आला आणि कॉटच्या कडेवर बसला. आप्पांनी बिल आणि पडदा दोन्ही दाखवलं. प्रश्न एकच विचारला, "हे कसं?" धनंजयनं पडद्याकडं बघितलं आणि तो मोकळेपणानं हसला. त्याला वाटलं, प्रश्न सोपा आहे.

"होय काका, ते सगळीकडं असंच दाखवतंय. कुठलंबी मशीन घ्या, चार घातलं की सव्वातीनच. त्यात काय प्रॉब्लेम न्हाय."

आई स्वयंपाकघराच्या दारात होती, तिथंच थांबली. ताईनं मान खाली घातली. आमच्या घरात हे वाक्य माहीत नसलेलं कुणी नव्हतं. तळ ठोकलेलं माप हातात सापडलं की गवळी म्हणायचा, साहेब, सगळीकडं असंच असतंय. शिसं कोरलेलं वजन सापडलं की किराणावाला तेच म्हणायचा. आप्पा जेवताना आवाज काढून ते वाक्य म्हणून दाखवायचे आणि आम्ही हसायचो. पुढं बातम्यांसाठी मी अनेक कार्यालयांत बसले. टाचणीपासून पुलापर्यंत कशाहीबद्दल विचारलं तरी हे उत्तर मिळायचं आणि ते ऐकलं की मी टिपणं घ्यायचा वेग वाढवायचे. पण त्या दिवशी ते ज्यानं उच्चारलं त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"बरं," आप्पा म्हणाले. "चहा घ्या."

त्यानं चहा घेतला. आप्पांनी पेढ्याला हात लावला नाही. तो जिना उतरून गेल्यावर ते आईला म्हणाले, "आक्काला सांग, सुपारीचं राहू दे आता."

"राहू दे म्हंजे? पुढं ढकललं का मोडलं? नीट सांगा."

"काटा मारणाऱ्या घरात पोरगी देणार न्हाय."

आत्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आली. तिचा आवाज खालच्या शिकवणीपर्यंत गेला असणार. "साखर पावशेर कमी आली म्हणून सोयरीक मोडतात व्हय रं? तपासणीस झालास का येडा झालास तू?" आप्पा पेपर वाचत राहिले. "पोरगं निर्व्यसनी, आई गरीब, दुकान सवताचं," ती बोटांवर मोजत म्हणाली. आप्पांनी पान उलटलं. "आक्का, निर्व्यसनी माणूसच काटा मारतोय. पिणाऱ्याचा हात हलतोय." आई हसली आणि हसल्याबद्दल आत्याची बोलणी तिनं खाल्ली.

ताई या काळात रडली नाही, भांडली नाही. ती पानं जुळवत राहिली. एकदा भांडी घासताना ती मला म्हणाली, "आप्पा त्यांना चोर म्हणाले याचा मला राग नाही आला. मला वाटलं, असतील तर?" एवढंच. मग तिनं नळ मोठा केला. आता लिहिताना मला वाटतं, पणाला काय लागलंय हे त्या घरात तिलाच नीट समजलं होतं. आप्पांना एका बिलाचा निकाल लावायचा होता. तिला त्या माणसाचा लावायचा होता आणि तो कुणाला न विचारता, स्वतःच्या हातानं. कामातून वेळ काढून ती इंटरनेटवर वाचत असायची. मी विचारलं की पडदा बदलायची.

रविवारी सकाळी तिनं आप्पांना टेबलाजवळ बोलावलं. संगणकाची वायर काढली, पेटीचं झाकण उघडलं. आत हिरव्या पाटीवर दोन लांबट तुकडे उभे बसवलेले होते. "ही मेमरी. दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या," ती म्हणाली. "तुम्ही पाच वजनं एकदम तपासता का?"

"एकेक."

"मग मीही एकेक तपासते."

तिनं एक पट्टी काढून माझ्या हातात दिली. कागदाच्या घडीपेक्षा ती जड नव्हती. संगणक सुरू केला, खिडकी उघडली. आकडा आला दोन. पुरते दोन. बंद केला, ती पट्टी काढली, माझ्या हातातली बसवली, सुरू केला. पुन्हा दोन. आप्पा आता खुर्ची ओढून बसले होते. तिनं दोन्ही पट्ट्या बसवल्या आणि म्हणाली, "आता सुरू होताना काळा पडदा येईल तो बघा." काळ्या पडद्यावर क्षणभर मोठा आकडा येऊन गेला. तो चार जीबीचाच होता. नंतर खिडकी उघडली तर सव्वातीन.

आप्पांनी खिडकीतल्या आकड्यावर बोट ठेवलं. "वजनं खरी हाईत," ते शेवटी म्हणाले. "मग काटा खोटा."

"काटाही खोटा नाही. त्याच्यावरच्या खुणा संपल्या." ताईनं खुर्ची वळवली. "मेमरीतल्या प्रत्येक जागेला नंबर लागतो, आप्पा. नंबर असेल तरच संगणक तिथं काही ठेवणार आणि तिथून काढणार. ह्या जातीच्या संगणकाला चार जीबीपर्यंतचेच नंबर येतात. त्याच्या पुढचा आकडा त्याला लिहिताच येत नाही."

"मग चारला पुरले की."

"पुरले असते. पण असं समजा, आपल्या राजारामपुरीला चार हजारच घरनंबर मिळालेत आणि घरंही चार हजार बांधलीत. आता शाळेला नंबर पाहिजे, पाण्याच्या टाकीला पाहिजे, विजेच्या खोलीला पाहिजे. ते कुठनं आणणार? त्याच चार हजारांतनं. संगणकातल्या बाकीच्या भागांनाही असे नंबर लागतात आणि ते त्यांना आधी मिळतात. मग शेवटची काही घरं बिननंबराची राहतात. घरं आहेत, भिंती आहेत, दारं आहेत. पण पोस्टमन जाणार कसा?"

आप्पांनी पेटीत वाकून बघितलं, जणू ती घरं दिसणार होती. "म्हणजे घरं बांधल्यात."

"बांधलीत."

"बिल्डरनं चोरी केली न्हाय."

"नाही."

आई म्हणाली, "झालं की मग! लावा आक्काला फोन." पण आप्पा उठले नाहीत. ते निरीक्षक होते आणि तपासणी त्यांच्या दृष्टीनं अर्धीच झाली होती. "शेवटच्या घरांना नंबर मिळणार न्हाईत," ते सावकाश म्हणाले, "हे बिल्डरला घरं विकताना ठाऊक होतं का?"

ताई पेटीचं झाकण बसवत होती. तिचा हात थांबला. हा प्रश्न तिच्याही मनात आधी येऊन गेला होता, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. "ते त्यांनाच विचारा," ती म्हणाली. "माझ्यासमोर विचारा."

धनंजय संध्याकाळी आला. या वेळी हातात काही नव्हतं. आप्पा तो बसायच्या आधीच बोलले. "धनंजयराव, तुमचं माप बरोबर हाय. माझा समज चुकला. हे आधी." धनंजय गडबडून "न्हाय काका, तसं काय न्हाय" म्हणाला. आप्पांनी हात वर केला. "आता दुसरं. चार घातलं तर सव्वातीनच कामाला येणार, हे विकताना ठाऊक होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का न्हाई?"

धनंजयनं ताईकडं बघितलं. ती टेबलाजवळ खुर्चीत बसली होती आणि त्याच्याकडंच बघत होती, पण मदत करत नव्हती. "काका, सुरुवातीला सांगायचो," तो म्हणाला. "तीनच घाला म्हटलं की गिऱ्हाईकाला वाटतंय हा पडून राहिलेला माल खपवतोय. ते उठून शेजारच्या दुकानात जातंय, तिथं चारचं मिळतंय. का ते समजावून सांगितलं तर सगळं ऐकून शेवटी म्हणतात, ते जाऊ दे भावा, तू चार टाक. म्हणून सांगायचंच सोडलं."

"ते गिऱ्हाईकाचं झालं. परवा मी विचारलं, तवा?"

खालच्या शिकवणीची एक तुकडी सुटली. मोटारसायकली सुरू झाल्या, मांडणीवरची भांडी थरथरली, पोरं गेली. मग धनंजय म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला कळायचं न्हाय."

"आणि हिला?"

"हिलापण." तो ताईकडं न बघता म्हणाला.

"खरं बोलला बाई एकदाचा," आई दारातून म्हणाली.

ताईचा चेहरा उतरला. इतक्या वेळा दुकानात जाऊन, इतकं बोलून, त्याच्या हिशेबी ती शेवटी एक गिऱ्हाईकच होती. हे ऐकण्यापेक्षा पाऊण जीबी चोरलेली तिला चालली असती. असं तिनं मला पुढं सांगितलं.

आप्पांनी चष्मा लावला. "आता सांगा. कळतंय का बघतो."

धनंजयनं सांगायला सुरुवात केली. पहिल्या दोन वाक्यांत इतके इंग्रजी शब्द आले की आप्पांनी "थांबा" म्हटलं. तो थांबला, घाम पुसला, परत सुरू केलं. या वेळी नंबरांवर आला, पण उलट्या बाजूनं, आणि स्वतःच अडकला. ताईला सगळं येत होतं. एका वाक्यात ती त्याला सोडवू शकली असती. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिसऱ्यांदा तो कागद मागून घेऊन चौकोन काढत बोलू लागला: हे नंबर, हे मेमरीचे, हे बाकीच्या भागांचे, हे इतके गेले म्हणून तिकडं तितके उरले. नव्या जातीचा संगणक घेतला तर नंबर पुष्कळ येतात, पण त्यावर ताईंचं अल्बमचं काम चालत नाही, म्हणून हा दिला. हेही त्यानं सांगितलं, आणि हे तर आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. वेळ लागला, पण या वेळी तो कुठं चुकला नाही. आप्पा प्रत्येक चौकोनावर बोट ठेवत होते.

"पाऊणच का गेलं?" त्यांनी विचारलं. "अर्धा का न्हाय? एक का न्हाय?"

धनंजयनं पेन खाली ठेवलं. "ते मला माहीत न्हाय, काका. कधी सव्वातीन येतंय, कधी साडेतीन. मशीनपरतं बदलतंय. का बदलतंय, ते मी कधी बघितलंच न्हाय."

आप्पा त्याच्याकडं बघत राहिले. इतक्या वर्षांच्या तपासण्यांत फळीपलीकडच्या माणसाकडून "मला माहीत न्हाय" हे त्यांनी किती वेळा ऐकलं असेल, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. आता ते नाहीत.

"थांबा," ताई म्हणाली. "ते मी सांगते."

तिनं आपली खुर्ची उचलली आणि त्याच्या शेजारी आणून ठेवली. पेन घेतलं आणि त्याच्याच चौकोनात एक रेघ मारली. "पडद्याचं कार्ड. फोटोंचे रंग नीट दिसावेत म्हणून मीच मोठं मागितलं होतं. त्याची स्वतःची अर्धा जीबी मेमरी आहे, तिलाही नंबर लागतात. पाऊणातले अर्धा जीबीचे नंबर त्यानंच घेतलेत. लहान कार्ड असतं तर एवढे गेले नसते."

धनंजय त्या रेघेकडं बघत राहिला. मग एकदम म्हणाला, "म्हंजे तुम्हीच खाल्लंय की! आणि चार दिवस चोर मी!"

"तुम्ही सांगितलं असतंत तर लहान घेतलं असतं," ताई म्हणाली, पण ती हसत होती. "आणि साडेतीन कधी येतं ते सांगू का?"

"सांगा की."

ती दोघं कागदावर वाकली. आई चहा टाकायला आत गेली. आप्पांनी आणखी थोडा वेळ ऐकलं. मग ते उठले आणि भिंतीजवळच्या फोनवरून त्यांनी गडमुडशिंगीला फोन लावला.

"आक्का," ते म्हणाले, "सुपारी बुधवारी जमतीय का बघ. व्हय. व्हय. आणि एवढं ओरडू नको, मला ऐकू येतंय."